पडदा पालटताना

नित्य बिघडणारे यंत्र एक वेळ परवडते, परंतु अधूनमधून बिघडणारे यंत्र माणसांमाणसांत संशय उत्पन्न करते. इंदूरच्या आमच्या शाळेतील संगणककक्षात लिनक्सवर चालणारे एक यंत्र आहे. चित्रमय पडद्यावरून निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर जाण्यासाठी कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन या कळा एकत्र दाबल्या, की कधी कधी ते काळेठिक्कर पडून स्तब्ध होई. तंत्रज्ञ दोनदा येऊन गेले. त्यांच्यासमोर यंत्राने वीस वेळा निमूटपणे पडदा पालटून दाखविला. मुलांनी मात्र निकाल केव्हाच दिला होता. हा प्रकार बहुधा नववीतील एकाच मुलाच्या हातून घडे. वर्गाने त्याला ‘पनौती’ ठरविले आणि तो कक्षात येण्याचे टाळू लागला. यंत्र भंगारात गेले तर सरकारी शाळेस दुसरे लवकर मिळत नाही हे खरे; पण आम्हांस चिंता लागली ती त्या मुलाची.

या पडद्यांची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. लिनक्समध्ये एकाच मॉनिटरवर अनेक पडदे नांदतात, मात्र एका वेळी ताबा एकाचाच. पालटताना चित्रमय पडदा सांभाळणारा प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावरील ताबा सोडतो आणि कर्नेल तो दुसऱ्यास देते. पूर्वी कार्डाची मांडणी दोघेही आपापल्या परीने करीत, त्यामुळे या हस्तांतरात खटके उडत. 2009 साली आलेल्या 2.6.29 या आवृत्तीपासून ते काम कर्नेलकडे येऊ लागले आणि पुष्कळ शांतता झाली. तरीही ड्रायव्हरच सदोष असेल तर दुखणे उरतेच.

आम्ही यंत्राशेजारी एक वही ठेवविली. दिनांक, वेळ, कोण बसले होते, यंत्र केव्हापासून चालू होते, मध्ये झोपी गेले होते काय, एवढेच लिहावयाचे. शिवाय पडदा काळा पडला की दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने त्यास हाक मारावयाची. आणि ते उत्तर देई! प्राण शाबूत होता, दृष्टी तेवढी गेली होती. तेथूनच नोंदी उतरवून घेऊन यंत्र रीतसर बंद करता येई. त्या नोंदींत ग्राफिक्स ड्रायव्हरचीच कुरकुर भरलेली असे.

सहा आठवड्यांत वहीत नऊ नोंदी झाल्या, आणि नऊही यंत्र झोपेतून जागे झाल्यानंतरच्या. निद्रेत कार्डाच्या स्मृतीचा वीजपुरवठा तुटतो; जागे होताना ड्रायव्हरने तेथील मजकूर पूर्ववत मांडावयाचा असतो. मधल्या सुट्टीत यंत्र झोपी जाई, पुढचा तास नववीचा, आणि धावत येऊन पहिला बसणारा हाच मुलगा. तो येईनासा झाल्यावरही चार वेळा तेच घडले होते. तंत्रज्ञ बिचारे भल्या सकाळी चालू यंत्र तपासून जात!

प्रथम केवळ निद्रा बंद केली. दोन आठवडे काही घडले नाही. मग निद्रा पुन्हा सुरू करून, कार्डाच्या उत्पादकाचा बंदिस्त ड्रायव्हर काढला व कर्नेलमधील मुक्त ड्रायव्हर बसविला. तेव्हापासून पडदा सुरळीत पालटतो.

वहीतील नऊ नोंदी आम्ही त्याच मुलाला बोलावून फळ्यावर मांडावयास लावल्या. वर्ग बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. चित्रे आता किंचित सावकाश उमटतात. ती तक्रार घेऊन सुट्टीनंतर पहिला तोच येतो.