टिपेश्वरला जाताना मोत्या घरी ठेवा

पांढरकवड्याला बाजाराच्या निमित्ताने तुम्ही कितीदा गेला असाल, पण शेजारचे टिपेश्वर पाहिले आहे का? नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून थोडे आत वळले की सुन्न्याचे फाटक लागते. १९९७ साली अभयारण्य झालेले हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे सागवानी रान. टिपाई देवीवरून त्याला नाव पडले. जायचे तर पहाटे जावे. चितळ दिसतात, रोही दिसतात, नशिबात असला तर वाघही.

आम्ही घरची पाच माणसे गेलो आणि मोत्यालाही गाडीत घेतले. जागलीला रात्रभर आपल्याबरोबर जागणारा जीव, त्यालाही एक दिवस हिंडवून आणावे, एवढाच भाव. फाटकावरच्या माणसाने हात जोडले. कुत्रा आत नेता येत नाही, साखळीला असला तरी नाही. मग त्याच्यापाशी थांबणार कोण? वाघासाठी महिनाभर दिवस मोजणारा नातूच म्हणाला, "आबा, तुम्ही जा. मी थांबतो."

त्या सकाळी आम्हाला वाघाची नुसती पावले दिसली. पोरगा मागे राहिल्याने मन सारखे खात होते.

वाटाड्याला मी कारण विचारले. कुत्र्याच्या वासाने चितळ बुजतात आणि बिबट्याला तर कुत्रा म्हणजे आयता घास, हे आपल्याला ठाऊकच आहे. खरी भीती रोगाची. डिस्टेंपर झालेल्या कुत्र्याला ताप येतो, नाका-डोळ्यांतून घाण वाहते, पुढे झटके येतात. हाच रोग कोल्ह्याला, रानकुत्र्याला आणि वाघ-सिंहालाही होतो. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत याच रोगाचे विषाणू सापडले.

(त्याच वर्षी आपल्या भागात अवनी वाघिणीच्या शोधासाठी परदेशी जातीची कुत्री मुद्दाम आणली होती. ती सरकारी कामाची गोष्ट, आपली नव्हे. वाघीण २ नोव्हेंबरच्या रात्री गोळीने मेली.)

कुत्रा रानात नेला नाही म्हणजे सुटलो, असेही नाही. रानच आपल्या वावरात येते. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेते तुडवीत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. अशा वाटेवर कोणाच्या तरी धुऱ्यावर कुत्रा असतोच. अभयारण्यापासून ५ किलोमीटरपर्यंतच्या गुराढोरांना लस टोचण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात आहे, पण कुत्र्याकडे आपणच पाहायचे. पिसाळीची लस दिली की झाले, असे पुष्कळांना वाटते. डिस्टेंपरची लस वेगळी. पिल्लू दोन महिन्यांचे होताच गुरांच्या डॉक्टरांना विचारा. ते सांगतील तेव्हा पुन्हा न्या.

पुढे नातवाला घेऊन मी पुन्हा गेलो. मोत्या घरी, गोठ्यात बांधलेला. या वेळी वाघ दिसला, वाटेच्या कडेलाच बसलेला. पोरगा बराच वेळ गप्प होता. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाला, "आबा, आजीने मोत्याला पाणी दिले असेल ना?"