राखण

मामाच्या परड्यात गडग्याच्या कोपऱ्यावर राखणदाराचं ठिकाण आहे. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. लहानपणी मालवणला सुट्टीत आलो की रात्री मला खरंच वाटायचं, कोणीतरी काठी घेऊन माडांखालून फिरतंय.

मामाच्या एका किडनीत कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा ती किडनीच काढली. पुढे दुसरी मधुमेहाने थकली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मामी म्हणाली, "माझी घेवा." जुळलीही. पण डॉक्टरांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं. सगळं हाताशी असताना थांबायचं कशाला, म्हणून आम्ही घरचे चिडलो. आज त्या चिडण्याची लाज वाटते.

अमेरिकेतल्या इस्रायल पेन या शल्यविशारदाने १९६८पासून रोपण झालेल्या रुग्णांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवली. आधी कॅन्सर होऊन गेलेल्यांपैकी ज्यांचा तो उलटला, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांवर रोपणाआधीच्या दोन वर्षांतच कॅन्सरचे उपचार झाले होते. आम्हाला छळ वाटलेली ती दोन वर्षं म्हणजे पहारा होता.

रोपणानंतर टॅक्रोलिमसची गोळी बारा तासांनी, घड्याळ लावून. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४मध्ये हे औषध मिळालं. परकी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून ते पांढऱ्या पेशींना गप्प बसवतं. पण चुकार कॅन्सरपेशी हेरणाऱ्या पेशीही त्याच. चौथ्या वर्षी मामाच्या फुप्फुसात ठिपका दिसला. जुनाच आजार. मामा एवढंच म्हणाला, "राखणदार निजलो काय चोर येतलोच."

मामीने मला विहिरीपाशी गाठलं. "माझ्या किडनीतसून तर इलां नाय मां ह्यां?" तिची शंका अगदीच निराधार नव्हती. दात्याच्या किडनीतून कॅन्सर आल्याचं अमेरिकेत घडलेलं आहे. १९६८मध्ये छापून आलेल्या अशा एका रुग्णाची औषधं थांबवल्यावर त्याच्या शरीराने किडनी आणि कॅन्सर दोन्ही झिडकारले. मामाचं तसं नव्हतं. तपासणीत पेशी त्याच्याच निघाल्या होत्या. मी "नाय गे मामी" म्हटलं, पण तिला पटायला बरेच दिवस लागले. तोवर ती नीट जेवली नाही. देणाऱ्याच्या मनाची ही बाजू आधीच कोणी समजावून सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयात मे १९६५मध्ये मृत दात्याची किडनी बसवून भारतातल्या रोपणाचा पहिला प्रयत्न झाला, तो रुग्णही किडनीच्या कॅन्सरचाच. समोर रस्ता ओलांडला की कॅन्सरचं टाटा रुग्णालय. मामाचे दोन आजार या दोन दारांसारखे समोरासमोर उभे: एकाला औषध हवं, तर दुसऱ्याला तेच नको.

डॉक्टरांनी गोळी बदलली. सिरोलिमस. १९६४च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतून सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. पुढे सहगलांना स्वतःला कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी तेच घेऊन पाहिलं. २००३मध्ये ते गेले. हे औषध राखणदाराला आवरतं आणि पेशींची वाढही रोखतं. म्हणून आशा, खात्री नव्हे. तोंड मात्र येतं. बांगड्याचं तिखलं समोर असूनही मामा पेजेवर भागवतो, ते बघवत नाही.

सगळीच औषधं थांबवायची वेळ आली, तर किडनी जाणार. मामा म्हणाला, "तिचां देणां आसा तां. टाकूचां कसां?"

मामी चुलीपाशी होती. मागे न बघता म्हणाली, "गेली तर जांव दे. तुमी ऱ्हवा."

यंदा राखण देताना गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांनी विचारलं, काय सांगू? "दोघांका सांभाळ म्हणा," मामी म्हणाली. काकांनी नवरा-बायकोची नावं घेतली. मामाचा हात ओटीपोटाच्या उजव्या अंगाला होता, मामीची किडनी बसवलेल्या जागी.