तिसरा भिडू

जबलपूरच्या छावणीतील सदर या वस्तीत मराठी ऐकू येते ती बहुधा उंबरठ्याच्या आत. पाऊल बाहेर पडले की हिंदी सुरू होते. अशाच एका घरातील कपाटात लाखकामाची एक रंगीत पेटी आहे. घरातील आजी लग्न होऊन सावंतवाडीहून येथे आल्या. यजमान गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. सत्तरच्या दशकात माहेरी गेल्या असता ही पेटी त्यांनी हौसेने विकत आणली. त्याच सुमारास सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी मोडकळीस आलेली ही कला पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून जाणून घेऊन राजवाड्यात पुन्हा उभी केली होती.

पेटीत दशावतारी गंजिफाची १२० पाने आहेत, सारी वाटोळी. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून केलेल्या या पानांना लाखेची चकाकी असते. पान हातात घेतले की खेळण्याआधी ते पाहतच राहावेसे वाटते. गंजिफाचे खरे आकर्षण हेच, आणि त्याची पहिली अडचणही हीच. डाव तिघांचा; म्हणजे एकेकाच्या वाट्याला ४० पाने येतात. चौकोनी पत्त्यांचा पंखा करून कोपऱ्यावरचे आकडे वाचता येतात. वाटोळ्या पानाला कोपराच नाही. मग मांडीवर, चादरीवर, गुडघ्याआड पाने दडवीत बसावे लागते. पावसाळ्यात ती एकमेकांना चिकटतात, ते वेगळेच.

स्मरणशक्तीची तर कसोटीच. पाच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाच रंगांत सारा क्रम उलटा. कोणते पान पडून गेले हे ज्याच्या ध्यानात राहील, त्याचाच डाव. नवशिक्याला हा खेळ कंटाळवाणा वाटतो, यात त्याचा दोष नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. हा दरबारी रिकामपणाचा खेळ होता. दुपारच्या दुपार ज्यांच्या हाताशी होत्या त्यांनी तो वाढविला.

या घरात पूर्वी आजी, त्यांचे यजमान आणि धाकटे दीर असे तिघे खेळत. दीर बदली होऊन गेले, यजमान वारले, आणि पेटी कपाटात गेली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली ती टॅरोची पाने घेऊन. त्यात ७८ पाने. एकटीनेही मांडता येतात, समोर कोणी नसले तरी चालते. आजीची पेटी पाहून तिने विचारले, ''आजी, तुझ्या पानांवरून भविष्य सांगता येईल?''

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. टॅरोही मुळात खेळच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो हात करण्यासाठी खेळत. १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ याने त्या पानांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडल्याचे सांगितले; आधार काही नव्हता, तरी लोकांना ते पटले. पुढे १९०९ च्या संचात पामेला कोलमन स्मिथ हिने आकड्यांच्या पानांवरही माणसे आणि प्रसंग चितारले, त्यामुळे प्रत्येक पान बोलके झाले. गंजिफात तशी चित्रे राजा-प्रधानांची, अवघी वीस. उरलेल्या शंभर पानांवर केवळ मोजणी: सात मासे, नऊ कासवे. त्यातून कोणाचे लग्न ठरावे? शिवाय टॅरोत पान उलटे पडले तर अर्थ फिरतो. वाटोळे पान उलटे पडले असे कसे म्हणावे?

''भविष्य नाही गं,'' आजी म्हणाल्या, ''यात फक्त काय पडून गेलं ते लक्षात ठेवायचं.''

नातीला ते शिकावेसे वाटले. पण दोघींत डाव होईना. अखेर शेजारच्या भाभींना बोलावणे गेले. त्यांना मराठी जेमतेम समजे. अवतार मात्र त्यांनी एकेक करून हाताने वेगळे काढले, एका चित्राशी अडून ''ये कौन?'' एवढेच विचारले. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. दुपार असल्याने रामाचा राजा शोधला. तो भाभींच्या ओंजळीत निघाला. तीन हात झाले असतील. नातीची पाने दोनदा सांडली, तिचा वामनाचा प्रधान सर्वांना दिसला. चौथ्या हाताला भाभींचा कुकर वाजला आणि त्या ''अभी आई'' म्हणून गेल्या.

त्या परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. उरलेली पाने त्यांच्या जागी उपडी तशीच होती. आजींनी देवापाशी दिवा लावला आणि बसता बसता म्हणाल्या, ''आता उतारी कृष्णाची.''

''असं कसं?'' नात म्हणाली. ''डाव तर दिवसा मांडला होता.''

भाभी दोघींकडे पाहत राहिल्या. रामाचा राजा अजून त्यांच्यापुढे चादरीवर होता.