आमचा हरणारा संघ

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांत रुजलेला आहे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. मग याच गावातला आमचा कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत का बरे गारद होतो? कारण उघड आहे. मुले वर्षभर तालमीसाठी खेळतात. कॉलेजसाठी एकत्र येतात ती सामन्याच्या आदल्या आठवड्यात. पास कोणाला द्यावा, हेच उमगत नाही. तरी २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात याच मातीतला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, म्हणून आशा सुटत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पेठेचा संघ मला वडिलांकडून वारशाने मिळाला; कॉलेजचा संघ मात्र मी स्वतः मिळवलेला आहे. म्हणून तो हरत असला, तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत मी जागचा हलत नाही.