अंबडचा शरद आणि सीताफळाचा गर
नवरात्रात मत्स्योदरी देवीची टेकडी चढताना घाम फुटतो. दिवाळीच्या सुमारास मात्र अंबडची पहाट गारठू लागते. याच दिवसांत बांधांवरच्या रानसीताफळांचे डोळे उघडतात. परदेशातून सुटीवर आलेली मंडळी विचारतात, हे टिकवावे कसे? उकळल्यास गर कडवट होतो. बिया काढून, किंचित लिंबूरस घालून तो फ्रीझरमध्येच ठेवावा. साखर कशाला, गोडी मुळातच पुष्कळ!

उरलेल्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावण्याची रीत मात्र सोडावी. ती डोळ्यांत गेल्यास पारपटलाला इजा होते. गेलीच तर डोळा न चोळता १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.