घाटात नेऊन पाहिलीस का?

काही माणसांना चालत्या गोष्टीला हात लावल्याशिवाय चैनच पडत नाही. घड्याळ बरोबर वेळ दाखवीत असले, तर ते आणखी बरोबर कसे दाखवील या विवंचनेत ती ते उघडून बसतात. आणि मग ते घड्याळ भिंतीवर केवळ शोभेपुरते उरते. मीही त्याच जातकुळीचा. फरक इतकाच, की माझ्या हाती घड्याळाऐवजी स्कूटर लागली. आणि तीही माझी नव्हे, अण्णांची!

अण्णा म्हणजे माझे वडील. कर्जतला रेल्वेत फिटर होते. १९७४ साली त्यांनी 'चेतक' स्कूटरसाठी नाव नोंदवले आणि १९८१ साली ती दारात आली. सात वर्षे वाट पाहणे ही त्या काळी तक्रारीची नव्हे, अभिमानाची गोष्ट होती. आईने चाकापुढे नारळ फोडला, हँडलला झेंडूचा हार घातला, आणि अण्णांनी शेजारच्या प्रत्येक मुलाला आळीतून एकेक फेरी मारून आणली. त्याच वर्षी आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. अण्णा गमतीने म्हणत, "जिल्ह्याचं नाव बदललं आणि आपली चाल बदलली!"

पण खरे सांगायचे तर चाल काही फारशी बदलली नाही. अण्णा स्कूटर चालवीत ती बैलगाडीच्या सबुरीने. पेट्रोल भरताना लिटरला वीस मिलिलिटर ऑइल मोजून घालीत. रात्री फडक्याने ती पुसून ठेवीत आणि सकाळी जरा कलती करून मगच किक मारीत.

मी १९८३ साली खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि स्कूटर माझ्या ताब्यात आली. कर्जतहून पळसदरीवरून खोपोली. रस्ता रोजचाच, पण दीड-दोन वर्षांत मला वाटू लागले, की स्कूटर आळसावली आहे. कुणीही यावे आणि मला मागे टाकून जावे! विशीतल्या माणसाला याहून मोठा अपमान कोणता?

मग मी इंजिनाचा अभ्यास आरंभला. हे इंजिन दोन-स्ट्रोकचे, १४५ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही नेमकी तेवढीच. अशा इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. एकीकडून पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत येते, दुसरीकडून जळालेला धूर बाहेर जातो. आणि त्या उघडण्या-झाकण्याचे काम वरखाली करणारा पिस्टनच करतो. किती साधे! धुराची खिडकी वरच्या बाजूने जराशी उंच केली, की ती लवकर उघडणार. धूर झटकन बाहेर पडणार. इंजिन जास्त फिरणार. माझा हिशेब तयार झाला.

खालापूर फाट्यावर एक मिस्त्री होते. माझे बेत ऐकून ते हसले. म्हणाले, "भाऊ, करून देतो. पण खिडकी एकदा घासली की परत भरता येत नाही, बरं का!" मी म्हटले, "घासा तुम्ही." त्यांनी हेड काढले, ब्लॉक काढला. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता, आणि सायलेन्सर तर काजळीने निम्मा बुजला होता. मिस्त्रींनी तो आगीत भाजून, ठोकून मोकळा केला. त्या किरकोळ कामाकडे माझे लक्षही नव्हते. माझे सारे चित्त कानशीवर! धुराची खिडकी दीड मिलिमीटर उंच झाली, खिडक्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या, दाब वाढावा म्हणून हेडही लेथवर घासून घेतले.

"आता पेट्रोलचा जेट मोठा बसवायला हवा," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर पेट्रोल कमी पडेल आणि इंजिन तापेल. दिवाळीनंतर मुंबईहून मागवतो."

दिवाळीनंतर? मला तर दिवाळीतच मिरवायचे होते! खालापूर ते चौक या सपाट रस्त्यावर मी स्कूटर सोडली आणि काय सांगू! वारा कानात शिरत होता, आवाज बदलला होता, आणि ज्यांनी मला मागे टाकले होते ते आता आरशात दिसत होते. घरी आलो तो छाती दोन इंच फुगवूनच.

अण्णांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, आवाज ऐकला, आणि एवढेच विचारले, "घाटात नेऊन पाहिलीस का?"

"अण्णा, सपाटीवर एवढी पळते, तर घाट म्हणजे काय!"

ते काही बोलले नाहीत.

आमची आत्या लोणावळ्याला असे. अण्णांहून आठ वर्षांनी मोठी, एकटीच. दर भाऊबीजेला अण्णा सकाळच्या गाडीने जात. आत्या त्यांना तेल-उटणे लावून न्हाऊ घाली, ओवाळी, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट घेई. १९८५ सालच्या भाऊबीजेला मी हट्ट धरला, की यंदा मीच तुम्हाला स्कूटरने नेणार. अण्णांनी एकदा स्टेशनकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने मागे बसले. मुलाचे मन मोडू नये म्हणून माणसे कुठेकुठे बसतात!

खोपोली आली, चढ सुरू झाला, आणि बोरघाटाने माझी परीक्षा घेतली. सपाटीवरची ती ऐट कुठल्या कुठे गेली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला ओढच नाही! पहिला टाकला, की ते नुसते किंचाळे. माझ्या हिशेबात एक कलम राहून गेले होते. धुराची खिडकी लवकर उघडली, की जोरात फिरणाऱ्या इंजिनाचा फायदा होतो खरा. पण चढावर, हळू फिरताना, पिस्टनला ढकलणारा दाब आपले काम पुरते होण्याआधीच त्या खिडकीतून निसटून जातो. वरचे मिळाले ते खालचे देऊन.

शिंग्रोबाच्या देवळाच्या वर थोडे गेलो असू. जळकट वास आला, इंजिन कण्हल्यासारखे झाले, आणि मागचे चाक एकाएकी अडकले. मी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही, इतकेच. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये रुतून बसला होता. मिस्त्रींचा तो जेट मला आता आठवला.

अण्णा खाली उतरले. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी इंजिनाजवळ हात नेला, उष्णता पाहिली आणि म्हणाले, "निवू दे बिचारीला."

स्कूटर न्यूट्रलवर टाकून आम्ही उतारावरून परत खोपोलीला आलो. सणाचा दिवस, सगळी गॅरेजे बंद. कर्जतची लोकल नुकतीच निघून गेलेली. मुंबईहून येणाऱ्या एसट्या खच्चून भरलेल्या, एकही थांबेना. स्कूटर एका ओळखीच्याच्या अंगणात लावली. दुपार कलल्यावर एका ट्रकवाल्याला दया आली.

ट्रक मालाने भरलेला. माणसाने चालत गाठावा अशा गतीने तो घाट चढू लागला. शिंग्रोबापाशी ड्रायव्हरने नाणे टाकले. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. अण्णांनीही चार आणे टाकले. मग माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "बघ कसा ओढतोय. पळत नाही, पण थांबतही नाही."

खंडाळ्याच्या अलीकडे रेल्वेची लाईन दिसली. एक गाडी चढत होती. पुढे इंजिन आणि मागून रेटा देणारी बँकर इंजिने. १८६३ साली ही घाटवाट सुरू झाली; सदतीस फुटांना एक फूट असा तिचा चढ. अण्णांचे सारे आयुष्य त्या बँकरांच्या सहवासात गेले होते. "घाटात गाडीला वेग देत नाहीत रे," ते म्हणाले, "मागून हात देतात."

लोणावळ्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. आत्या दारातच बसली होती. तबकातली फुले सुकली होती, उटणे वाटीत वाळले होते. ती सकाळपासून पाण्यावाचून होती. मला म्हणाली, "आलात ना? झालं तर मग." आणि थरथरत्या हाताने तिने अण्णांना ओवाळले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच माठातले पाणी पाहत उभा राहिलो.

दिवाळीनंतर मिस्त्रींनी इंजिन खोलले. खिडकी भरता येण्याजोगी नव्हतीच. दुसरा जुना ब्लॉक शोधला, नवा पिस्टन, नव्या रिंगा, हेडही दुसरे. सगळे कंपनीने दिले होते तसे. आणि नवल असे, की स्कूटर आता घाट चढू लागली, अगदी दोघांना घेऊन! "आजार सायलेन्सरमध्ये होता, भाऊ," मिस्त्री म्हणाले, "आपण ऑपरेशन पोटाचं केलं." सपाटीवरच्या ज्या वेगाचे श्रेय मी माझ्या अकलेला दिले होते, त्यातला बराचसा त्या भाजून काढलेल्या काजळीचा होता.

पुढल्या भाऊबीजेला मी अण्णांना लोणावळ्याला सहज नेऊ शकलो असतो. पण १९८६ च्या पावसाळ्यात आत्या गेली. ती उशिरा झालेली ओवाळणी शेवटची ठरली. अण्णांनी मला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता, तर बरे झाले असते असे अजून वाटते.

आता अण्णाही नाहीत. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला; त्यावर दुचाकींना मज्जाव. २००६ च्या सुमाराला पेट्रोलवरची 'चेतक' निघायची बंद झाली. २०१९ पासून ते नाव विजेच्या स्कूटरने घेतले. तो बिघडवलेला ब्लॉक मात्र मी टाकलेला नाही. माझ्या टेबलावर असतो. त्यात मी पेन्सिली ठेवतो.

यंदा दिवाळीला नातू आपली नवी मोटारसायकल घेऊन आला. सायलेन्सर बदलून घेतला आहे. आवाज असा, की आळीतली कुत्री उठून बसली. "आजोबा, ऐका तर!" म्हणाला. मी बाहेर गेलो. मोटारसायकलीभोवती एक फेरी मारली. पुष्कळ सांगण्यासारखे होते. पण ओठांवर एकच वाक्य आले.

"घाटात नेऊन पाहिलीस का?"