आगीतून उठलेला वाडा : पुण्याची विश्रामबागवाडा

कोर्टकचेरी, दवाखाना किंवा मुलांचे शिक्षण अशा काही ना काही निमित्ताने आपले पुण्याला जाणे होतेच. काम उरकले की आपण तुळशीबागेत भांडीकुंडी पाहतो, महात्मा फुले मंडईत डोकावतो आणि एस. टी. पकडतो. पुढच्या खेपेला तासभर सवड काढा. मंडईपासून पायी थोड्याच अंतरावर, बाजीराव रस्त्याला लागून, विश्रामबागवाडा उभा आहे. तो घरातल्या लेकरांनाही दाखवा.

दुसऱ्या बाजीराव पेशव्याने हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, 1807 च्या सुमारास बांधला. शनिवारवाड्यापेक्षा त्याचा जीव इथेच अधिक रमे. दर्शनी भागावरचा कोरीव लाकडी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते घडवलेले सागवानी खांब बघा. सुताराच्या हाताला त्या काळी काय किंमत होती, ते ध्यानात येईल. पण मालकाला हे सुख फार दिवस लाभले नाही. 1818 साली पेशवाई बुडाली. बाजीरावाला दूर उत्तरेत, गंगाकाठी बिठूरला जाऊन राहावे लागले.

वाडा मात्र ओस पडला नाही. 1821 साली इंग्रज सरकारने इथे संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज वाढले. याच वाड्यात 16 नोव्हेंबर 1852 रोजी एक मोठा समारंभ झाला. मुलींच्या व अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या जोतीराव फुल्यांचा सरकारने मेजर कँडी यांच्या हस्ते शाल देऊन सत्कार केला. ज्या वाड्यात पेशव्यांचा दरबार भरे, तिथे चौतीस वर्षांनी माळ्याच्या मुलाचा सन्मान झाला! ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून आपली दुःखे वेशीवर टांगणारे ते हेच जोतीराव.

मे 1879 मध्ये वाड्यावर संकट आले. एका रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड ताजे होते, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. पण आग लावणारा दुसराच निघाला. बुधवारवाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेचा पूर्वेकडचा भाग जळाला, पण लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने हातभार लावला आणि वाडा पुन्हा उभा राहिला. पुढे बरीच वर्षे शहराचा कारभार याच वाड्यातून चाले. अलीकडे महानगरपालिकेने त्याचे जतन करण्याचे काम हाती घेतले.

आता तुम्ही म्हणाल, पेशव्यांच्या वाड्याशी आम्हाला काय करायचे? तर ऐका. तुमच्या-आमच्या गावातले वाडेही त्याच दगड-मातीचे, विटा-चुन्याचे आणि सागाचे आहेत. वाटण्या होतात, कौले फुटतात, डागडुजीचा खर्च कोणी करायचा यावर भाऊ अडून बसतात. एके दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो आणि पणजोबांच्या खांब-तुळया ट्रकमध्ये घालून नेतो. असा सागवान पुन्हा घ्यायला गेलो, तर परवडेल का?

जुने घर दोन गोष्टींनी मरते : पाणी आणि वाळवी. पाणी मुरले की वाळवी मागोमाग येतेच. म्हणून मृगाआधी कौले चाळून घ्या, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर काढा आणि भिंतीला लागून सरपण, कडबा वा शेणखत रचू नका. जमिनीतून भिंतीवर चढणारे मातीचे बोगदे दिसले की वाळवी आलीच समजा. ताबडतोब इलाज करा.

दुसरे असे, की मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुना आणि माती ओल घेतात तशी ती सोडतातही. सिमेंटने ओल आत कोंडते, गिलावा फुगून पोपडे निघतात आणि आतली माती सुटते. जिथे चुना होता तिथे चुनाच वापरा. भिजवून मुरवलेला चुना वाळूबरोबर चांगला मळावा. जुने गवंडी त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालीत. काम सावकाश होते, पण टिकते. खांबाचा बुंधा कुजला असेल तर सारा खांब काढू नका. कुजका भाग कापून तेवढाच नवा सागाचा तुकडा सांध्यात बसवता येतो. जाणता सुतार हे करतो.

आगीनंतर विश्रामबाग वाचली ती राजाच्या पैशाने नव्हे. राजा केव्हाच गेला होता. ती अनेकांच्या थोड्या-थोड्या वर्गणीने वाचली. तुमच्या घरात चार भाऊ असतील, तर दरवर्षी सुगीनंतर प्रत्येकाने थोडी रक्कम वाड्याच्या नावाने बाजूला काढावी. कौले, चुना आणि सुताराची मजुरी त्यातून भागेल. वाटणी जमिनीची होऊ द्या. छप्पर मात्र सामाईक राखा.